स्वस्त घराचा ताशी भाव

मी बदलापूरला राहते आणि दादरला एका कंपनीचे हिशेब सांभाळते. परवा भाचीनं विचारलं, "मावशी, घर बदलापूरला घेऊ की ठाण्याला?" मी तिला कागद-पेन आणायला सांगितलं.

समजा, ठाण्यातलं घर ४० लाखांनी महाग आहे. साडेआठ टक्क्यांच्या २० वर्षांच्या कर्जावर जादा हप्ता पडतो महिन्याला सुमारे ३४,७०० रुपये. रिक्षाची रांग धरून रोज दोन तास वाचले, तर २५ दिवसांत ५० तास. म्हणजे तासाला जवळपास ७०० रुपये. नवरा-बायको दोघंही मुंबईला जात असतील, तर तोच तास साडेतीनशेला पडतो. आठवड्यातून दोनदाच ऑफिस असेल, तर थेट दोन हजारांना! यात लोकलचा पास किरकोळच.

वेळेचा भरवसाही बघावा लागतो. कल्याणपुढे कर्जतच्या बाजूला मार्ग दोनच. लोकल, एक्स्प्रेस, मालगाड्या सगळ्या त्यांवरूनच धावतात. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस इथेच, वांगणीजवळ अडकली होती.

भाचीचा नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. मुंबईला जाणारी ती एकटीच, तेही आठवड्यातून दोनदा. तिला म्हटलं, "बदलापूरच घे. पण टोकन देण्याआधी ऐन पावसात एका सोमवारी सकाळी साडेसातच्या गर्दीत चढून बघ. आणि बिल्डरकडे ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मागायला लाजू नकोस."