कोड कशाने येते?

ओठाच्या कडेला एक पांढरा डाग दिसतो. मग बोटांवर दुसरा. गावात कुजबुज सुरू होते. कोणी म्हणते, "मागल्या जन्मीचे पाप." कोणी म्हणते, "दुधावर मासे खाल्ले असतील." ठरलेली सोयरीक मोडते. डाग थोरलीला, आणि लग्न अडते धाकटीचे!

हे पाप नव्हे. दूध-माशांचाही यात दोष नाही. मग आहे काय?

भिंत विटांची, तसे आपले शरीर बारीक पेशींचे. कातडीतल्या काही पेशी रंग तयार करतात. त्यांना आम्ही रंगारी म्हणू. गोऱ्या माणसाच्या अंगातही रंगारी जवळपास तेवढेच असतात, बरे का! फक्त ते रंग कमी करतात. कोडाच्या जागी मात्र रंगारीच मरतात.

त्यांना मारते कोण? आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्यांचे काम राखणदाराचे. रोगजंतू दिसला की मारायचा. कोडात हे राखणदार घरच्याच माणसाला चोर समजतात. यात रोगजंतू नाहीच. म्हणून कोड शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने लागत नाही.

राखणदार बिथरतात का? रंग करताना पेशीत काही घातक द्रव्येही तयार होतात. काहींच्या रंगाऱ्यांना ती सोसत नाहीत. ते दुबळे झाले की राखणदार धावून येतात. हा दुबळेपणा घराण्यातून येऊ शकतो. तरी कोड असलेल्या आईबापांच्या बहुतेक मुलांना कोड येत नाही. ज्याला कोडाची प्रवृत्ती आहे, त्याला खरचटले, भाजले, नाडीचा काच बसला, तर तिथेही डाग उठतो.

काही विषे बाहेरून येतात. १९३९ साली अमेरिकेतल्या एका कातडी कमावण्याच्या कारखान्यात कामगारांचे हात पांढरे पडले. दोष निघाला रबरी हातमोज्यांतल्या एका रसायनाचा. आपल्याकडे टिकलीच्या चिकट डिंकात आणि काही रबरी चपलांतही अशी रसायने सापडली आहेत. मग कपाळावर टिकलीएवढा, पायावर पट्ट्याच्या आकाराचा डाग पडतो. खाज सुटली, डाग दिसला, की ती वस्तू लगेच सोडावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

केसांच्या मुळाशीही रंगाऱ्यांचा साठा असतो. उपचाराने रंग परततो, तो बहुधा केसाभोवती ठिपक्या-ठिपक्यांनी. म्हणून डॉक्टर डागावरचे केस पाहतात. ते काळे असले, तर रंग परत येण्याची आशा जास्त.