घरांतील बोली आणि ध्वनिमुद्रण

तंजावरचें भोसल्यांचें राज्य १८५५ मध्यें संपलें. पण तिकडील कित्येक घरांत मराठी अद्याप उंबरठ्याच्या आंत टिकून आहे. आजीशीं मराठी, शेजाऱ्याशीं तमिळ, कचेरीची गोष्ट निघाली कीं इंग्रजी, असा तेथील व्यवहार.

हा व्यवहार ध्वनिमुद्रित कसा करावा? ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या काळीं ग्रामोफोनच्या तबकड्यांवर बहुधा बायबलांतील उधळ्या पुत्राची कथा म्हणवून घेत. तींत उच्चार सांपडतो. एका भाषेंतून दुसरींत शिरण्याचा क्षण सांपडत नाहीं. तो समोरचें माणूस बदललें कीं येतो. म्हणून आजीला एकटीस प्रश्न विचारण्यापेक्षां नातवंडांत बसवावें, जुन्या लग्नाची गोष्ट काढावी आणि यंत्र चालूं ठेवावें. आरंभीं सारींच पुस्तकी बोलतात. यंत्राचा धाक दुसरें काय करणार! तमिळ शब्द आला म्हणून तिला टोकूं मात्र नये. टोकलें कीं ती गप्प बसते.

संमति आधीं घ्यावी, आणि कोणास नकोसा वाटेल तो भाग पुसावा. तारीख, गांव व कोण कोणाशीं बोललें हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. पणतवंडांस ते आवाज ओळखूं येतीलच असें नाहीं.