मशीनमधलं पाणी जात नाही? "पंप गेलाय" म्हणायच्या आधी हे तपासा



समजा, तुम्ही घरगुती उपकरणं दुरुस्तीचं काम शिकलात. हत्यारांची बॅग घेतली, ओळखीच्या चार सोसायट्यांमध्ये कार्डं वाटली आणि पहिला फोन आला: "दादा, वॉशिंग मशीनमधलं पाणीच जात नाहीये. कपडे आत अडकलेत. लगेच येता का?"

तुम्ही जाता. आत साबणाचं गढूळ पाणी तुंबलंय, दार लॉक झालंय, मुलांचे शाळेचे गणवेश आत भिजत पडलेत आणि घरातली सगळी माणसं तुमच्या तोंडाकडे बघतायत. अशा वेळी नवीन माणसाच्या तोंडून एकच वाक्य निघतं: "पंप गेलाय, बदलावा लागेल."

कधी कधी ते खरंही असतं. पण खूपदा अडथळा एखाद्या नाण्याचा, पिनेचा नाहीतर दुमडलेल्या पाइपचा असतो. म्हणून आज आपण दोन गोष्टी बघू. पाणी न जाण्याचं कारण शोधायचं कसं, आणि ते खरं कारण सांगूनसुद्धा तुमचा धंदा कसा चालेल.

निघण्याआधी फोनवरच तीन प्रश्न

पहिला प्रश्न: "ड्रममध्ये पाणी साचलंय, की कपडे फक्त ओले राहतायत?" पाणी निघून गेलंय पण कपडे पिळले जात नाहीत, तर तो निचऱ्याचा नाही, स्पिनचा प्रॉब्लेम असू शकतो. एकच जाड चादर टाकली तरी तोल जातो आणि मशीन स्पिन घेत नाही.

दुसरा प्रश्न: "मशीन कुठल्या प्रकारचं? डिस्प्लेवर काही अक्षरं दिसतात का?" एलजीच्या मशीनवर 'ओई', सॅमसंगच्या बऱ्याच मशीनवर '5सी' किंवा '5ई', बॉशवर 'ई18' असा कोड आला तर पाणी बाहेर जात नाही एवढाच त्याचा अर्थ. पंप गेला असा अर्थ नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

तिसरा प्रश्न: "वॉरंटी आहे का?" असेल तर तुम्ही मशीन खोलू नका, कंपनीच्या सर्व्हिसला फोन करायला सांगा. त्या दिवसाचे पैसे गेले, पण ते घर तुमचं झालं.

प्रकार ओळखा, कारण निचरा वेगवेगळा होतो

फ्रंट लोड मशीनमध्ये पंप असतो. तो पाणी खालून वर ढकलतो. आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड ऑटोमॅटिक मशीनमध्ये मात्र पंप नसतोच! तिथे छोटी ड्रेन मोटर व्हॉल्व्ह ओढून उघडते आणि पाणी उतारानं खाली जातं. सेमी ऑटोमॅटिकमध्ये तेच काम वरचं बटण फिरवल्यावर आतली पट्टी किंवा दोरी करते. ती तुटली किंवा निसटली की बटण फिरतं, पण व्हॉल्व्ह उघडत नाही.

म्हणजे टॉप लोड मशीन नीट न बघता "पंप गेलाय" म्हणालात, तर जी वस्तू त्यात नाही तीच तुम्ही बदलायला निघालात.

तपास स्वस्तापासून महागाकडे

1. आधी मोरी बघा, मग मशीन. मोरीत बादलीभर पाणी ओता. ते तिथेच तुंबलं तर न्हाणी ट्रॅप चोंदलाय, मशीनचा दोष नाही. जाळी काढून केस आणि साबणाचा गाळ साफ केला की काम झालं.

2. पाइप बघा. मशीन भिंतीला सरकवताना पाइप दुमडतो किंवा पायाखाली दबतो. फ्रंट लोडमध्ये पाइपचं टोक साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर असावं. त्याहून फार वर असेल तर पंपाला पाणी चढवता येत नाही. फार खाली असेल तर उलटंच होतं, भरता भरता पाणी निघून जातं. पंप नसलेल्या टॉप लोडमध्ये पाइप जमिनीलगतच हवा. तिथे कोणी तो बेसिनवर अडकवला असेल तर पाणी जाणार कसं?

3. बादलीची परीक्षा. फ्रंट लोडच्या पाइपचं टोक बादलीत धरा आणि ड्रेन सुरू करा. बादली भरत आली की मशीन थांबवा आणि पाइपचं तोंड वर उचला, नाहीतर पाणी आपोआप वाहत राहतं. टॉप लोड असेल तर टोक मोरीत खाली सोडा. धार जोरात आली तर मशीन ठीक आहे, दोष घराच्या पाइपलाइनमध्ये आहे. धार बारीक आली किंवा आलीच नाही, तरच पुढे जा.

4. फिल्टर. आधी प्लग काढा. बटण बंद केलं म्हणजे काम झालं असं नाही. पाणी गरम असेल तर निवू द्या. फ्रंट लोडच्या खालच्या कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्याखाली परात ठेवा. काही मशीनमध्ये शेजारीच एक बारीक नळी असते, तिनं आधी पाणी काढून घ्या. मग फिल्टर हळूहळू सैल करा, परात भरली की पुन्हा घट्ट करा, असं तीन-चार वेळा. घाई केली तर गिऱ्हाइकाच्या घरभर पाणी! आत काय सापडेल? रुपयाचं नाणं, सेफ्टी पिन, ब्लाउजचे हूक, केसांचे गोळे, बाळाचा मोजा.

5. पंपाचा पंखा. फिल्टर काढल्यावर टॉर्च मारून आत बघा. छोटा पंखा दिसतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं तो फिरवून बघा. इथे नवीन माणूस फसतो. पंखा अडखळत, टप्प्याटप्प्यानं फिरतो आणि त्याला वाटतं की जाम झालाय. आतल्या चुंबकामुळे तो तसाच फिरतो, ते बरोबर आहे. अजिबात हलत नसेल तर अडकलाय, एखादा दोरा गुंडाळलेला असेल.

6. शेवटी वीज. पंप गुणगुणतोय पण पाणी येत नाही, तर अडथळा शोधा. आवाजच नाही, तर प्लग काढून, पंपाच्या वायर सोडवून मल्टिमीटरनं वाइंडिंग तपासा. चांगल्या पंपाचं रीडिंग साधारण शे-दोनशे ओहमच्या आसपास येतं. काहीच रीडिंग आलं नाही तर वाइंडिंग तुटलंय, आता पंप बदला. रीडिंग ठीक असेल तर वायरिंग किंवा कार्डाकडे वळा. चालू विजेवरची तपासणी मात्र अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकल्याशिवाय करू नका. ओली फरशी आणि वीज, इथे चुकीला माफी नाही.

एक कारण गिऱ्हाईक स्वतःहून सांगत नाही: पावडर. हातानं धुवायची पावडर फ्रंट लोडमध्ये टाकली की फेस फार होतो. मग पंप पाण्याऐवजी फेस ओढत बसतो. प्रेमानं समजावून सांगा.

काम झालं की फिल्टर घट्ट बसवा, ड्रममध्ये दोन लिटर पाणी ओता आणि ड्रेन चालवून दाखवा. खाली थेंब पडत नाही ना, ते बघितल्याशिवाय बॅग बंद करायची नाही.

आता खरा प्रश्न: पैसे

पाच मिनिटांत नाणं निघालं. आता पैसे किती मागायचे? इथे भल्याभल्यांना संकोच होतो. "एवढ्याशा कामाचे काय मागणार?" या विचारातूनच "पंप गेलाय" हे खोटं जन्माला येतं. माणूस मुळात लबाड असतो असं नाही. त्यानं तपासणीचे पैसे आधी सांगितलेले नसतात, म्हणून त्याला पार्ट विकावा लागतो.

समजा, तपासणी आणि साफसफाईचे 400 रुपये तुम्ही फोनवरच सांगितले. मग नाणं निघो की मोजा, 400 तुमचे. उलट, गरज नसताना पंप बदलून 1,000 सुटले असं धरा. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या गावचे दर वेगळे असतील. हातात 600 जास्त आले खरे, पण अडथळा पाइपमध्येच होता तर चौथ्या दिवशी फोन येणार. मग फुकट चक्कर, वाद आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव. ते 600 रुपये किती महाग पडले?

म्हणून तीन सवयी आजपासून लावा. दर फोनवरच सांगा. जे निघालं ते नाणं, पिन, जो काही कचरा असेल तो गिऱ्हाइकाच्या हातात ठेवा, पार्ट बदललात तर जुना पार्टही दाखवा. आणि एक वही ठेवा: तारीख, मॉडेल, तक्रार, खरं कारण, घेतलेले पैसे. पन्नास कॉल झाले की कुठला पार्ट बॅगेत ठेवायचा आणि कशात पैसे अडकवायचे नाहीत, हे ती वहीच सांगेल.

धंदा नावावर करायचा असेल तर सरकारच्या पोर्टलवर उद्यम नोंदणी मोफत होते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

मित्रांनो, तुम्ही पार्ट विकायला जात नाही, तुम्ही कारण शोधायला जाता. कारण शोधण्याचे पैसे ताठ मानेनं मागा, मग खोटं बोलायची वेळच येणार नाही.

या रविवारी एक काम करा. आपल्याच घरच्या मशीनचा फिल्टर उघडा, पंप नसलेलं टॉप लोड असेल तर पाइप आणि मोरीची जाळी बघा. काय सापडलं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तुमचा पहिला कॉल तिथेच नोंदवला गेला.