पिशवी काढण्यापूर्वी

“दोन मुले झाली, आता पिशवीचे काय काम? काढून टाका, एकदाची कटकट मिटेल.” हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, ते एका मोठ्या शस्त्रक्रियेविषयी आहे याचे भानच राहत नाही. कधी ते सासूबाईंच्या तोंडून येते, कधी शेजारणीच्या, तर कधी दवाखान्यातही ऐकू येते. पाळीतील अतिस्राव, ओटीपोटातील दुखणे, अंगावरून पांढरे जाणे यांनी गांजलेली स्त्री मग फारसे न विचारता मान डोलावते. देवदर्शन, पूजा, विधान यांत दरमहा येणारी अडचण कायमची दूर होईल, असाही विचार तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात असतो.

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया वाईट नाही. गर्भाशयाचा कर्करोग, प्रसूतीनंतर कशानेही न थांबणारा रक्तस्राव, अंग पूर्णपणे बाहेर येणे, किंवा इतर उपचार करूनही न आवरणारा त्रास, अशा वेळी ती जीवनदायी वा आयुष्य सुसह्य करणारी ठरते. प्रश्न आहे तो पहिला उपाय म्हणूनच ती सुचविली जाते तेव्हाचा.

अतिस्रावाचे कारण नेहमी गर्भाशयातच असते असे नाही. थायरॉईडचे विकार, तांबी, रक्त पातळ करणारी औषधे, रजोनिवृत्तीच्या आधीचे संप्रेरकांतील चढउतार यांमुळेही तो होतो. म्हणून आधी हिमोग्लोबिन व थायरॉईडची तपासणी, सोनोग्राफी, गर्भाशयमुखाची पॅप चाचणी आणि पंचेचाळिशीनंतर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणे आवश्यक असते. रजोनिवृत्तीनंतर एकदा जरी रक्त दिसले, तरी तपासणी टाळू नये. अंगावरून पांढरे जाणे बहुधा नैसर्गिक असते किंवा जंतुसंसर्गामुळे होते. त्यावर औषधे आहेत. “पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल” एवढ्या एका वाक्यावर शस्त्रक्रियेस संमती देऊ नये. आधी चाचणीचा अहवाल पाहावा.

गाठ म्हटले की मनात धस्स होते. परंतु गर्भाशयाच्या स्नायूंतील फायब्रॉइडच्या गाठी बहुतांशी निरुपद्रवी असतात, त्यांचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत विरळ आहे, आणि रजोनिवृत्तीनंतर त्या सहसा आक्रसतात. त्रास नसेल तर ठरावीक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवणे हाही एक उपचारच होय.

त्रास असेल तरी मार्ग अनेक आहेत. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या फक्त स्रावाच्या दिवसांत घेऊन रक्त जाणे कमी करता येते. मात्र पूर्वी रक्तवाहिनीत गुठळी झालेल्या स्त्रीने त्या घेऊ नयेत. संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसविले जाणारे संप्रेरकयुक्त साधन काही वर्षे काम देते व स्राव बराच घटविते. पहिले काही महिने अनियमित डाग दिसतात, तेवढा धीर धरावा लागतो. आतील मांसांकुर किंवा छोटी गाठ दुर्बिणीने योनिमार्गातूनच काढता येते. अपत्य हवे असलेल्या स्त्रीची पिशवी राखून केवळ गाठी काढता येतात. त्या पुन्हा होऊ शकतात, हेही तिला आधी कळले पाहिजे. मोठ्या शहरांत गाठीचा रक्तपुरवठा बंद करून ती सुकविण्याची सोय आहे. अंग खाली उतरले असेल तर कटितळाच्या स्नायूंचे व्यायाम व आत बसविण्याची कडी यांनी अनेकींना आराम पडतो.

आता शस्त्रक्रियेची दुसरी बाजू. भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायांच्या शिरांत गुठळ्या, मूत्राशय वा मूत्रवाहिनीस इजा हे धोके थोडे असले तरी खरे आहेत. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले, तर पस्तिशीतील स्त्री एका दिवसात रजोनिवृत्त होते. अंगातून वाफा येणे, झोप उडणे, कोरडेपणा हे लगेच जाणवते. हाडांचा ठिसूळपणा व हृदयविकाराचा वाढता धोका नंतर कळतो. अंडाशय ठेवले तरी काहींना रजोनिवृत्ती काही वर्षे लवकर येते. म्हणून “पिशवी” या एका शब्दात नेमके काय काय निघणार आहे, हे विचारलेच पाहिजे.

हे न विचारल्याने काय होते, ते आपण बीड जिल्ह्यात पाहिले. २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत तिशी-पस्तिशीच्या कितीतरी होत्या. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा, ना पाणी. खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, आणि उचल तर फेडायचीच. त्यावर कर्करोगाची भीती घातली की नकार देण्यास जागा उरत नाही. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत, असे निर्देश दिले.

बीडच्या या भगिनी आपल्याला परक्या नाहीत. सांगली-कोल्हापूर भागात ऊस पिकविणारी आपली कितीतरी कुटुंबे आहेत, आणि त्यांच्या फडांत याच भगिनींचा कोयता चालतो. बांधावर स्वच्छ पाण्याची टाकी व एक तात्पुरते स्वच्छतागृह उभारणे हेही जीवदयेचेच काम आहे. गायी-पाखरांसाठी पाणपोई घालणाऱ्या समाजाला ते जड नाही.

आपल्या घरातील स्त्रीसाठी दोन गोष्टी आवर्जून कराव्यात. रक्त जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन मोजावे. ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या व आहार आधी, मोठे उपवास नंतर. षोडशकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ सांगितले आहे, शक्तीबाहेरचे तप नव्हे. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगावा, म्हणजे औषधांच्या वेळा त्याप्रमाणे बसविता येतील का हे ते पाहतील.

दुसरी गोष्ट, शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला की कागदावर पाच प्रश्न लिहून न्यावेत: माझ्या आजाराचे नेमके नाव काय? शस्त्रक्रियेवाचून कोणते उपचार आहेत आणि ते करून पाहिले का? सहा महिने थांबले तर काय होईल? अंडाशय राहणार की निघणार, आणि का? कर्करोगाची शंका असेल तर ती कोणत्या तपासणीवरून? उत्तरे ऐकताना पती किंवा मुलगी सोबत असावी. रक्त थांबत नसेल किंवा कर्करोग सिद्ध झाला असेल तर विलंब करू नये. एरवी दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहावे, ही तर आपल्या अनेकांताचीच शिकवण आहे.

आणि अखेरचा निर्णय? शरीर तिचे आहे. सर्व ऐकून, समजून तो तिनेच घ्यावा. घरातल्यांनी तिला त्यासाठी वेळ द्यावा, घाई करू नये.