आई नायगाराला का आली नाही?



गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. सगळ्यांच्या घरी ठरतो तसा आमचाही नायगाराचा बेत ठरला. निघायच्या आदल्या रात्री आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या, माझे गुडघे दुखताहेत." गुडघे ठणठणीत होते. आठ तासांचा गाडीचा प्रवास आणि खोकला-शिंक आली की सुटणारी लघवी, हे खरं कारण होतं. आम्ही परत आल्यावर तिने ते सांगितलं, तेही मला नाही, माझ्या बायकोला. बारा वर्षं हे चाललं होतं. बाहेर जायचं असेल त्या दिवशी ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही.

हे सगळं आईच्या परवानगीने लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण त्यानंतर या विषयावरचं संशोधन वाचत गेलो आणि एक गोष्ट पक्की कळली. "वय झालं, आता असंच चालायचं" हे खरं नाही. यावर इलाज आहे, आणि पहिल्या इलाजाला पैसेही पडत नाहीत.

किती जणींना होतं?

अमेरिकेत २००५-०६ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १,९६१ स्त्रियांना याबद्दल विचारलं गेलं. लघवीवर ताबा नसणं, शौचावर ताबा नसणं, अंग बाहेर येणं, यांपैकी निदान एक त्रास २३.७ टक्के स्त्रियांना होता. विशी-तिशीतल्या स्त्रियांत हे प्रमाण ९.७ टक्के होतं, ऐंशीच्या पुढे ४९.७ टक्के. म्हणजे वयाबरोबर त्रास वाढतो हे खरं, पण तरुण आयांनाही तो होतो आणि ऐंशीच्या पुढच्या निम्म्या आज्यांना होत नाही.

बिघाड नेमका कुठे?

ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे ताणलेले स्नायू असतात. त्यांना पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ते खालून आधार देतात. बाळंतपणात ते ताणले जातात, कधी फाटतात. वाढलेलं वजन, जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठतेमुळे करावं लागणारं कुंथणं यांचा भार त्यांच्यावर पडत राहतो.

लघवी सुटण्याचे मुख्य प्रकार दोन. खोकताना, हसताना, जड पिशवी उचलताना सुटते ती "स्ट्रेस" प्रकारची. इथे स्ट्रेस म्हणजे मनावरचा ताण नव्हे, पोटातला दाब. दुसरा प्रकार "अर्ज", म्हणजे घाईचा. किल्ली दाराला लावेपर्यंत धीर निघत नाही, कारण मूत्राशय भरण्याआधीच आकुंचन पावू लागतं. काही जणींना दोन्ही असतात. दोन्हींचे उपाय काही अंशी वेगळे आहेत, म्हणून आधी प्रकार ओळखायला हवा. आमच्या धंद्यात बग शोधायचा तर आधी लॉग बघतात. इथेही डॉक्टर तेच सांगतात. तीन दिवस वहीत लिहा: किती प्यायलं, कधी गेलं, कधी आणि काय करताना सुटली.

व्यायाम

अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लेख प्रसिद्ध केला. तेच आजचे केगेल व्यायाम. वायू आणि लघवी एकदम रोखून धरतो तसे स्नायू आत-वर ओढायचे, सहा ते आठ सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असं आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत. लघवी करता करता मध्येच थांबवण्याचा सराव मात्र करू नका. अनेक जणी नकळत उलट खाली जोर लावतात, म्हणून एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेणं चांगलं.

खोकला किंवा शिंक येतेय असं वाटताच हे स्नायू आवळायची सवय लावायची. घाई होते तेव्हा बाथरूमकडे धावायचं नाही. जागीच थांबून स्नायू चार-पाच वेळा झटपट आवळायचे, कळ ओसरली की शांतपणे चालत जायचं.

याला पुरावा काय? घाईचा त्रास मुख्य असलेल्या ५५ ते ९२ वयाच्या १९७ स्त्रियांवरचा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांत लघवी सुटण्याचे प्रसंग व्यायाम आणि सवयींच्या प्रशिक्षणाने सरासरी ८०.७ टक्के कमी झाले, औषधाने ६८.५ टक्के आणि नुसत्या खोट्या गोळीने ३९.४ टक्के. २००९ च्या दुसऱ्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या ३३८ स्त्रिया होत्या. सहा महिन्यांत ज्या गटाने सरासरी आठ टक्के वजन घटवलं, त्यांचे प्रसंग ४७ टक्के कमी झाले. दुसऱ्या गटात हा आकडा २८ होता.

पण व्यायाम म्हणजे रामबाण नव्हे. नेदरलँड्समध्ये मध्यम ते तीव्र स्ट्रेस प्रकाराच्या ४६० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. वर्षभराने शस्त्रक्रियेच्या गटातल्या ९०.८ टक्के आणि व्यायामाच्या गटातल्या ६४.४ टक्के स्त्रियांनी फरक पडल्याचं सांगितलं. व्यायामाच्या गटातल्या जवळपास निम्म्या जणींनी पुढे शस्त्रक्रियाही करून घेतली. त्रास जास्त असेल तर तज्ज्ञांशी तेही बोलावं.

आपण काय करायचं?

पाणी तोडू नका. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं, बद्धकोष्ठताही वाढते. त्यापेक्षा चहा-कॉफी कमी करून बघा. लघवीत रक्त, जळजळ, ताप, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं किंवा त्रास अचानक सुरू होणं, यांपैकी काही असेल तर व्यायामावर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा.

आई-बाबांना बोलावणार असाल तर ही तपासणी भारतातून निघण्याआधीच करून घ्या. इथे पाहुण्यांसाठी घेतलेला विमा जुन्या दुखण्याला बहुधा चालत नाही. आणि हे तुम्ही विचारल्याशिवाय आई सांगणार नाही. मुलाला जमत नसेल तर सुनेने किंवा लेकीने विचारावं, पण विचारावं जरूर. बाळंतपण झालेल्या मैत्रिणींनीही "सगळ्यांनाच होतं" म्हणून सोडून देऊ नये.

आई आता पुण्यात फिजिओथेरपिस्टकडे जाते. त्रास पूर्ण गेलेला नाही. पण परवा फोनवर सांगत होती, अख्खं नाटक बघितलं आणि मध्यंतरापर्यंत जागची उठले नाही.

चू. भू. द्या. घ्या.