सत्तावीसचा पाढा

शाळेत तीसपर्यंतचे पाढे म्हणताना आमची गाडी हमखास सत्तावीसवर अडायची. सत्तावीस दुणे चौपन्न, सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी इथवर सुरळीत, पुढे नुसती धडधड. युरोपीय संघाचे आकडे वाचायला घेतले की ती धडधड परत येते. देश २७, माणसं सुमारे ४५ कोटी, अधिकृत भाषा २४. प्रत्येक भाषेतून उरलेल्या २३ भाषांत दुभाषी लागणार, म्हणजे २४ गुणिले २३, झाल्या ५५२ जोड्या. माल्टीजमधून थेट फिनिशमध्ये बोलणारा माणूस रोज कुठून आणायचा? म्हणून आधी इंग्रजी किंवा फ्रेंच, तिथून पुढे फिनिश. एखाद्या सदस्याने विनोद केला तर सभागृह एकदम हसत नाही, हप्त्याहप्त्याने हसतं.

हा खटाटोप सुरू झाला कोळशावरून. १९५१ साली सहा देशांनी पॅरिसमध्ये करार करून कोळसा आणि पोलाद सामाईक देखरेखीखाली आणलं. १ जुलै १९६८ला आपसातली आयातकराची भिंत पडली. पण कर गेला तरी कागद गेले नाहीत. मुलुंड किंवा दहिसरच्या जकात नाक्यावर रात्र काढलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. युरोपच्या सरहद्दींवरही ट्रक तसेच खोळंबायचे. १ जानेवारी १९९३ला एकल बाजारपेठ सुरू झाली आणि वर्षाला सुमारे ६ कोटी सीमाशुल्काचे कागद एका फटक्यात रद्द झाले. दिवसाला दीड लाखाहून जास्त! तेवढे कागद भरणारे, तपासणारे आणि त्यांवर शिक्के मारणारे हात दुसऱ्या कामाला मोकळे झाले, हाच त्या एकीकरणाचा खरा नफा.

पुढची उडी नाण्यांची. १ जानेवारी २००२ला १२ देशांतल्या सुमारे ३० कोटी लोकांच्या हातात युरो पडला. त्यासाठी ५२ अब्ज नाणी पाडली होती आणि त्यांना धातू लागला अडीच लाख टन. आयफेल टॉवरचं लोखंड साधारण ७,३०० टन आहे. म्हणजे लोकांच्या खिशात आणि गल्ल्यात मिळून चौतीस आयफेल टॉवर खुळखुळत होते. एका युरोचा दर १९३६.२७ लिरा. कालपर्यंत काउंटरवर दीड हजार लिरा मोजणारा इटालियन दुसऱ्या दिवशी ७७ सेंट मोजू लागला. फेब्रुवारी संपता संपता जुनं चलन व्यवहारातून बादही झालं. एवढं अवाढव्य काम दोन महिन्यांत उरकणाऱ्या लोकांना पुढची कामं का जमेनात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

कारण पुढचा आकडा डोळे फिरवणारा आहे. सप्टेंबर २०२४मध्ये मारिओ द्रागी यांनी युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरचा अहवाल दिला. द्रागी म्हणजे युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष आणि इटलीचे माजी पंतप्रधान. अमेरिका आणि चीनच्या मागे पडायचं नसेल, तर दर वर्षी ७५० ते ८०० अब्ज युरो जादा गुंतवा, असा त्यांचा हिशेब. रुपयांत वरची रक्कम सत्तर लाख कोटींच्या पुढे, म्हणजे भारताच्या २०२४-२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या सुमारे दीडपट. सेकंदाचा हिशेब केला तर २५ हजार युरो. हे वाक्य वाचून होईपर्यंत लाखभर युरो उडाले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप उभा करणारी मार्शल योजना त्या काळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक-दोन टक्के होती. ही मागणी साडेचार टक्क्यांच्या आसपास. आणि खुद्द युरोपीय संघाचं वार्षिक अंदाजपत्रक? या रकमेच्या जेमतेम पावपट.

पैसा कमी आहे असंही नाही. तो २७ वाटांनी फुटतो. अमेरिकेत मोठ्या मोबाइल कंपन्या तीन, चीनमध्ये चार, युरोपीय संघात मात्र चौतीस कंपनीसमूह. आपल्याकडे १४० कोटींचं काम जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि बीएसएनएल असे चौघं रेटतात. अमेरिका एका जातीचा रणगाडा बनवते, युरोपात बारा जाती. प्रत्येकाचे सुटे भाग निराळे, मेकॅनिकही निराळा. कंपनी काढायची तर देशागणिक वेगळा कायदा. २००८ ते २०२१ या काळात युरोपात जन्मून अब्ज डॉलरच्या वर मोल गेलेल्या १४७ नवउद्योगांपैकी ४० जणांनी मुख्यालय बाहेर हलवलं, त्यातल्या बहुतेकांनी अमेरिकेत.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०२४मध्ये या अदृश्य कुंपणांची किंमत काढली. सदस्य देशांमधले नियम, परवाने, प्रमाणपत्रं यांचा बोजा मालावर ४४ टक्के आयातकर लावल्याइतका आणि सेवांवर ११० टक्के! हा कर कुणी वसूल करत नाही, कुणाच्या तिजोरीत जात नाही, तरी सगळे तो भरतात. १९६८ साली दारातून घालवलेली जकात खिडकीतून आत येऊन बसली आहे.

ती काढायची तर पुन्हा पाढ्याशी गाठ. कराच्या प्रश्नावर एकमत लागतं. २६ देश हो म्हणाले आणि एक नको म्हणाला, की उत्तर शून्य. पाच लाखांच्या घरातला माल्टा आणि आठ कोटींहून मोठा जर्मनी इथे सारख्याच वजनाचे. लहान देशाच्या नजरेतून पाहिलं तर हा नकाराधिकार म्हणजे त्याची ढाल. ती खाली ठेव असं त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

द्रागींच्या अहवालात ३८३ शिफारशी होत्या. वर्षभराने, सप्टेंबर २०२५मध्ये, एका धोरण-अभ्यासगटाने त्या एकेक करून तपासल्या. पूर्ण अमलात आलेल्या भरल्या ४३.