मेगावॅट वळवणारे फेराइट

वारासिवनीहून बालाघाट गाठले की जवळच भरवेलीची खदान आहे. ‘मॉइल’ कंपनीच्या या भूमिगत खाणीतले मँगनीज मुख्यतः पोलादाच्या कामी येते. फेराइटमध्ये मात्र हेच मूलद्रव्य, अतिशय शुद्ध रूपात आणि तोलूनमापून, वेगळ्याच कारणासाठी पडते. लोहाचे ऑक्साइड इतर धातूंच्या ऑक्साइडांबरोबर भट्टीत भाजले की चिनीमातीसारखे कडक, ठिसूळ फेराइट तयार होते. भाजताना काही लोह द्विसंयुजी होते. त्यातून विजेला वाट मिळते आणि मायक्रोवेव्ह ऊर्जा आतच जिरते. थोडे मँगनीज ही गळती थोपवते.

गळतीची खरी किंमत कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या लिनॅकमध्ये, म्हणजे रेषीय प्रवेगकात, कळते. मुंबईच्या ‘समीर’ संस्थेने ‘सिद्धार्थ’ हे देशी यंत्र विदर्भात सेवाग्रामच्या रुग्णालयात बसवले. या जातीच्या यंत्रांत मॅग्नेट्रॉन हा मायक्रोवेव्हचा स्रोत सुमारे 3000 मेगाहर्ट्झची लहर काही मायक्रोसेकंदांच्या पल्समध्ये सोडतो. शिखरशक्ती 2 ते 3 मेगावॅट. पल्सच्या सुरुवातीला प्रवेगक नळी आलेली शक्ती जवळजवळ सगळी परत फेकते. ती मॅग्नेट्रॉनवर आदळली तर त्याची वारंवारता ढळते, आत ठिणग्या पडतात. म्हणून मध्ये सर्क्युलेटर लागतो. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या फेराइटमधून जाणारी आणि येणारी लहर वेगवेगळी कला (फेज) घेते. त्या फरकाच्या जोरावर परतलेली शक्ती पाण्याने थंड होणाऱ्या लोडकडे वळते.

आता हिशेब. शिखर 2.5 मेगावॅट आणि पल्स एकूण वेळेच्या हजाराव्या भागापुरती, तर सरासरी 2.5 किलोवॅट. सर्क्युलेटरमधली 0.3 डेसिबल घट म्हणजे सुमारे 7 टक्के. 170 वॅटच्या आसपास उष्णता. फेराइट ती सहज बाहेर सोडत नाही. तापले की त्याचे चुंबकत्व घटते, कलाफरक सरकतो. असमान तापले तर तडकते. म्हणून जाड तुकड्याऐवजी पातळ पट्ट्या वेव्हगाइडच्या, म्हणजे लहर वाहणाऱ्या धातूच्या नळीच्या, पाण्याने थंड केलेल्या भिंतीला चिकटवतात. घनफळामागे उष्णता तेवढीच राहिली, तर जाडी निम्मी केल्यावर तापमानातला फरक चौथाईवर येतो.

पाण्याने न सुटणारी अडचण वेगळीच.

शिखरशक्ती एका मर्यादेपलीकडे गेली की ऊर्जा फेराइटमधल्या स्पिन-लहरींत, म्हणजे चुंबकत्वाच्या सूक्ष्म तरंगांत, पळते आणि घट एकदम वाढते. हॅरी सूल यांनी 1957 मध्ये याचा सिद्धांत मांडला. बारीक कणांचे फेराइट वापरून किंवा किंचित होल्मियम मिसळून ही मर्यादा वर नेता येते. पण त्याने घट थोडी वाढते, म्हणजे पुन्हा उष्णता. रचनाकाराचे कसब या ओढाताणीत आहे.

चाचणीही तितकीच कठोर हवी. सर्क्युलेटरचे पुढचे मुख धातूने बंद करून तो अडसर अर्ध्या तरंगलांबीभर हळूहळू सरकवतात. सगळी शक्ती परतते. सर्वांत वाईट जागी विद्युतदाब दुप्पट होतो, म्हणजे चौपट शक्तीइतका ताण. ठिणगी पडू नये म्हणून वेव्हगाइडमध्ये दाबाखाली सल्फर हेक्साफ्लोराइड भरतात. अडसराच्या प्रत्येक जागी, पूर्ण शक्तीवर आणि पूर्ण तापल्यावरही जो सर्क्युलेटर टिकतो, तोच उपचाराच्या यंत्रात बसवावा.